दुरुस्तीला दिलेली मोटारसायकल गॅरेजवाल्याने परस्पर वापरली, तर मालकाने काय करावे?

प्रश्नकर्त्याने कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. पुण्यात राहणाऱ्या या गृहस्थांनी आपली १५० सीसीची मोटारसायकल क्लच प्लेट बदलण्यासाठी आणि सर्व्हिसिंगसाठी घराजवळच्या गॅरेजमध्ये बुधवारी सोडली. शनिवारी गाडी देतो, असे मिस्त्रींनी सांगितले होते. शनिवारी गाडी मिळाली नाहीच. उलट रविवारी रात्री त्यांच्या मोबाइलवर ई-चलानचा संदेश आला आणि त्यातल्या फोटोत त्यांच्या गाडीवर तीन तरुण बसलेले दिसले. सोमवारी ते गॅरेजमध्ये गेले तेव्हा मीटर जवळजवळ १४० किलोमीटर पुढे गेलेला होता. गॅरेजमालकांनी आधी ‘ट्रायल घेतली’ असे सांगितले, मग ‘पोरांनी नेली असेल, मला काही माहीत नाही’ असे सांगितले आणि शेवटी ‘बिल भरा, मगच गाडी हलेल’ असे सुनावले. हा गुन्हा आहे का, चलान कोणी भरायचे, बिल अडवून धरावे का, आणि त्या रविवारी अपघात झाला असता तर जबाबदार कोण ठरले असते, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

मी ग्राहक आयोगात आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वकिली करतो. गॅरेजच्या ताब्यात असलेल्या वाहनांचे वाद या दोन्ही ठिकाणी येतात, आणि दोन्हीकडे एकाच मुद्द्यावर निकाल फिरतो: चावी कोणत्या कामासाठी दिली होती? मालकाने चावी हातात दिली म्हणून गाडी वापरण्याची परवानगी दिली, असा अर्थ कायदा कधीही लावत नाही. ताबा दिला तो दुरुस्तीपुरता, आणि दुरुस्तीच्या कामाबाहेर गाडीचे चाक फिरले की त्या क्षणापासून जोखीम गॅरेजवाल्याची होते.

याचा आधार भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये आहे. एखादी वस्तू विशिष्ट कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झाल्यावर ती परत घ्यायची, या व्यवहाराला कायद्यात निक्षेप म्हणतात आणि कलम १४८ पासून पुढे त्याचे नियम दिले आहेत. कलम १५१ प्रमाणे वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची असते, आणि तेवढी काळजी घेऊनही नुकसान झाले तर कलम १५२ त्याला संरक्षण देते. म्हणजे गॅरेजमध्ये योग्य रीतीने, कुलपाआड ठेवलेल्या गाडीचे पुराच्या पाण्याने नुकसान झाले, तर गॅरेजवाला ‘मी काळजी घेतली होती’ असा बचाव करू शकतो. मात्र हा बचाव कलम १५४ ला लागू होत नाही. ठरलेल्या शर्तीविरुद्ध वस्तूचा वापर केला, तर त्या वापरामुळे किंवा त्या वापराच्या काळात झालेल्या कोणत्याही नुकसानीची भरपाई द्यावीच लागते, असे ते कलम सांगते. कायदा करणाऱ्यांनी तिथे घोड्यांची दोन उदाहरणे दिली आहेत. कलकत्त्याहून बनारसला जाण्यासाठी म्हणून एकाने घोडा भाड्याने घेतला आणि तो कटकला नेला. घोडेस्वाराने पुरेशी काळजी घेतली होती, घोडा निव्वळ अपघाताने पडून जखमी झाला, तरीही घोडा नेणारा भरपाईला जबाबदार ठरतो. दुसऱ्या उदाहरणात स्वतः बसण्यासाठी मागून आणलेला घोडा घरातल्या दुसऱ्या माणसाला दिला आहे, आणि निष्कर्ष तोच आहे. गॅरेजवाल्याचा मुलगा तुमची गाडी ‘अगदी सांभाळून’ सिंहगडावर घेऊन गेला आणि परतताना मागून येणाऱ्या टेम्पोने ठोकले, तर चूक टेम्पोची होती हे उत्तर तुमच्यापुरते निरुपयोगी आहे. गाडी तिथे असायलाच नको होती.

आता ‘ट्रायल’विषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण जवळजवळ प्रत्येक प्रकरणात बचाव हाच असतो आणि तो सरसकट खोटाही नसतो. क्लच प्लेट बदलल्यावर गाडी रस्त्यावर चालवून गिअर टाकताना क्लच ओढतो की घसरतो हे पाहावेच लागते. ब्रेक शू, कोनसेट, चेनसेट, कार्ब्युरेटरची ट्यूनिंग या कामांनंतरही जवळच्या रस्त्यावर फेरी मारल्याशिवाय चांगला मिस्त्री गाडी ग्राहकाच्या हातात देत नाही, आणि देऊही नये. या फेरीला मालकाची मूक संमती असतेच. तक्रार मधूनच उद्भवणारी असेल, उदाहरणार्थ इंजिन तापल्यावरच गाडी बंद पडत असेल, तर दहा-पंधरा किलोमीटर चालवणेही समर्थनीय ठरू शकते. परंतु ट्रायल कामाशी जुळली पाहिजे, ती मिस्त्रीने किंवा त्याच्या देखरेखीखाली परवाना असलेल्या माणसाने घेतली पाहिजे आणि ती कामाच्या वेळेत झाली पाहिजे. क्लच प्लेटच्या कामासाठी १४० किलोमीटरची, रविवारी संध्याकाळची आणि तिघांनी बसून घेतलेली ट्रायल या तिन्ही कसोट्यांवर उभी राहत नाही.

दुसरे एक कारण मी वारंवार ऐकतो, ते म्हणजे ‘बोअर करायला (सिलिंडर आतून कातून घ्यायला) गाडी लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, नेली होती’. गॅरेजच्या कामाची माहिती असलेल्याला हे लगेच खटकते. बोअरचे काम असते तेव्हा सिलिंडर ब्लॉक इंजिनपासून सुटा करून फडक्यात किंवा गोणपाटात गुंडाळून लेथवर पाठवला जातो, आणि गाडी तोपर्यंत गॅरेजमध्ये स्टँडवर उभी असते. ब्लॉक काढलेली गाडी चालतच नाही, त्यामुळे त्या दिवसांत मीटर पुढे सरकण्याचा प्रश्नच येत नाही. नवा ब्लॉक-पिस्टन बसवल्यावर गाडी काही अंतर हळू चालवून रुळवावी लागते हे खरे आहे, पण ते रनिंग सहसा मालकच स्वतः करतो आणि गॅरेजने करायचे असेल तर तसे आधी सांगितलेले असावे लागते. वॉशिंग सेंटरला गाडी नेणे ही खरी संदिग्ध बाब आहे. सर्व्हिसिंगमध्ये धुणे धरलेले असेल तर तेवढ्या प्रवासाला मी आक्षेप घेणार नाही, आणि आयोगही घेईल असे मला वाटत नाही.

‘मला माहीत नाही, पोरांनी नेली असेल’ या दुसऱ्या उत्तराने गॅरेजमालकाची जबाबदारी संपत नाही, उलट ती अधिक स्पष्ट होते. चाव्या कुठे ठेवल्या जातात, त्या कोणाच्या हाताला लागतात, रात्री शटर कोण बंद करतो, या गोष्टी त्याच्या नियंत्रणात आहेत आणि म्हणून त्यांचे स्पष्टीकरणही त्यानेच द्यायचे आहे. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिलेला एक निकाल फार उपयोगी आहे. दिल्लीतील ताज महाल हॉटेलात १९९८ मध्ये एका ग्राहकाने गाडी आणि चावी हॉटेलच्या माणसाकडे पार्किंगसाठी दिली आणि ती गाडी चोरीला गेली. पावतीवर ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’ अशा अर्थाची ओळ छापलेली होती. न्यायालयाने सांगितले की एकदा ताबा घेतल्यावर वस्तू परत करता आली नाही, तर आपला निष्काळजीपणा नव्हता हे दाखवण्याचा पहिला भार ताबा घेणाऱ्यावर असतो, आणि स्वतःच्या किंवा स्वतःच्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशी छापील ओळ टाकून झटकता येत नाही. अनेक सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डच्या मागे बारीक अक्षरांत ‘गाडी ग्राहकाच्या जोखमीवर चालवली जाईल’ असे छापलेले असते. ती ओळ वाचून घाबरून जाऊ नये. तिचा अर्थ फार तर ट्रायलपुरता घेता येईल. कामगाराने घरी जायला गाडी नेण्यापर्यंत तो ताणता येत नाही.

हा गुन्हा आहे का, या प्रश्नाचे उत्तर ‘होऊ शकतो’ असे आहे, आणि कोणत्या कलमाखाली हे नीट समजून घ्यावे. सर्वांत थेट लागू होणारे कलम मोटार वाहन कायदा, १९८८ मधील १९७ आहे. मालकाची संमती किंवा अन्य कायदेशीर अधिकार नसताना वाहन घेऊन जाऊन चालवणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत. मात्र विचारले असते तर मालकाने संमती दिली असती असे मानायला वाजवी कारण होते, हे न्यायालयाला पटले तर शिक्षा होत नाही. जुन्या ओळखीचा मिस्त्री समोरच्या दुकानातून स्पेअर पार्ट आणायला तुमचीच गाडी घेऊन गेला, तर त्याला या तरतुदीचा आधार मिळेल. रविवारी ट्रिपल सीट फिरणाऱ्यांना मिळणार नाही.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम ३१६ मध्ये विश्वासघाताची व्याख्या आहे: विश्वासाने सोपवलेली मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगात आणणे, किंवा करारातील स्पष्ट अथवा गर्भित शर्ती मोडून तिचा अप्रामाणिकपणे वापर करणे. यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलम ३१४ मधील अपहाराच्या तरतुदीत तर स्पष्टीकरणच दिले आहे की काही काळापुरता केलेला अपहार हाही अपहारच होय. ‘गाडी परत दिली ना, मग गुन्हा कसला?’ या युक्तिवादाला त्यामुळे फारसा अर्थ राहत नाही. याच धर्तीचा एक जुना दाखला आहे. हवाई दलाच्या एका प्रशिक्षणार्थीने १९५२ मध्ये जोधपूरहून परवानगी नसताना विमान उडवून पाकिस्तानात उतरवले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये त्याची चोरीबद्दलची शिक्षा कायम ठेवताना तात्पुरता अनधिकृत वापर हासुद्धा बेकायदेशीर लाभ ठरतो, हे मान्य केले.

असे असले तरी प्रत्येक प्रकरणात पोलीस ठाण्याची पायरी चढावी, असे मी सुचवत नाही. अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो, तपासात महिने जातात आणि गाडी मुद्देमाल म्हणून जप्त झाली तर ती सोडवायला पुन्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. गाडी खाण्याच्या ऑर्डर पोचवायला वापरली, परस्पर भाड्याने दिली, अनेक दिवस दुसऱ्याकडे ठेवली, अपघात लपवला, किंवा गाडीचे सुटे भाग बदलले, तर मात्र फौजदारी तक्रार अवश्य करावी. ठाण्यात बहुधा अदखलपात्र म्हणून एनसी लिहून बोळवण करण्याकडे कल असतो. तेव्हा लेखी तक्रार द्यावी, तिच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि कलम ३१६ चा गुन्हा दखलपात्र आहे याकडे शांतपणे लक्ष वेधावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. त्यानंतरही नोंद झाली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत उपायुक्तांकडे, आणि शेवटी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

चलानाच्या बाबतीत माझा सल्ला ठाम आहे. ते गुपचूप भरू नये. ट्रिपल सीटसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-सी खाली एक हजार रुपये दंडच नाही, तर तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरण्याची तरतूदही आहे, आणि चलान मुकाट्याने भरणे म्हणजे ती कसूर स्वतःवर घेण्यासारखे आहे. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अॅपवर किंवा ई-चलानच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवावी, सोबत जॉबकार्ड किंवा गॅरेजवाल्याशी झालेले संदेश जोडावेत आणि त्या वेळी गाडी कोणाच्या ताब्यात होती, ते नाव-पत्त्यासह लिहावे. त्याच कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी मागितल्यास चालकाची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे हे नाव देण्यात कोणताही संकोच बाळगू नये. शिवाय हेच चलान तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्यावर तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक आणि बसलेल्यांचा फोटो असतो, आणि तो तुम्ही नव्हे तर सरकारी यंत्रणेने काढलेला असतो.

आता अपघाताच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते या संपूर्ण विषयात गांभीर्याने घ्यावी अशी गोष्ट हीच आहे. पेट्रोल आणि टायरची झीज यांचे पैसे फार नसतात. परंतु गॅरेजच्या पोराने तुमच्या गाडीने पादचाऱ्याला उडवले, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात चालकासोबत नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी हे प्रतिवादी असतात, आणि तो मालक तुम्ही असता. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात १९८८ मध्ये हा प्रश्न निकाली निघाला. दुरुस्तीसाठी दिलेल्या वाहनाने, ते गॅरेजच्या मेकॅनिकच्या हातात असताना, एका महिलेला इजा झाली होती. विमा कंपनीचे म्हणणे होते की गॅरेजवाला हा स्वतंत्र व्यावसायिक असल्याने मालक जबाबदार नाही आणि म्हणून कंपनीही नाही. न्यायालयाने ते फेटाळले आणि वाहन दुरुस्तीला दिलेले असतानाही जखमी त्रयस्थाला भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर राहते, असे ठरवले. जखमी माणसाच्या दृष्टीने हा निकाल न्याय्य आहे. मालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की थर्ड पार्टी विमा चालू असेल तर त्याच्या डोक्यावरचा मोठा भार उतरतो, आणि विमा संपलेला असेल तर तो उघड्यावर पडतो. विमा संपलेली गाडी गॅरेजमध्ये ‘नंतर बघू’ म्हणून महिनाभर उभी ठेवणारे अनेक जण असतात. त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

चालवणाऱ्याकडे परवाना नसेल तर आणखी गुंतागुंत होते. अशा वेळी न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला सांगते आणि नंतर ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालानुसार मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने विम्याची शर्त मोडली, हे कंपनीला सिद्ध करावे लागते. तिथे मालकाला वाचवणारी वस्तू एकच असते, आणि ती म्हणजे गाडी केवळ दुरुस्तीसाठी दिली होती हे दाखवणारा, अपघाताच्या आधीच्या तारखेचा कागद किंवा संदेश. गॅरेजमधला मुलगा अल्पवयीन असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम १९९-ए लागते. त्यात पालक किंवा वाहनमालक यांना दोषी धरले जाते, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि वापर मालकाच्या संमतीने झाला असे न्यायालय गृहीत धरते. माझ्या नकळत हे घडले, हे मालकानेच सिद्ध करायचे असते. ज्या गॅरेजमध्ये लहान पोरे ग्राहकांच्या गाड्या पुढेमागे करताना दिसतात, तिथे गाडी न देण्याचे हे पुरेसे कारण आहे.

अशा अपघातानंतर एक विनंती हमखास येते. गॅरेजमालक हात जोडून म्हणतात, ‘साहेब, गाडी तुम्हीच चालवत होता असे सांगा, तुमचा विमा आहे, परवाना आहे, खर्च सगळा मी करतो.’ दया येते, ओळख असते, त्या पोराचे आयुष्य डोळ्यांसमोर येते, आणि माणसे हो म्हणतात. कृपा करून असे करू नये. तुम्ही चालक म्हणून नाव दिले की बेदरकार चालवण्याच्या गुन्ह्यात, आणि दुर्दैवाने मृत्यू झाला असेल तर न्याय संहितेच्या कलम १०६ च्या गुन्ह्यात, आरोपी तुम्ही होता, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पुढे सीसीटीव्हीत दुसरा माणूस दिसला तर विम्याचा दावा फेटाळला जातो आणि खोट्या जबाबाचे प्रकरण वेगळे उभे राहते.

तुमच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान झाले असेल तर सर्वसमावेशक पॉलिसीतून दावा करता येतो का? पॉलिसीच्या चालकविषयक कलमात वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती चालते, त्यामुळे दावा होऊ शकतो. पण याच पॉलिसीत वाहनव्यवसायाशी संबंधित कामासाठीचा वापर वगळलेला असतो आणि कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. शिवाय दावा केला की नूतनीकरणाच्या वेळी नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि तो सलग वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असू शकतो. दुसऱ्याच्या कृत्यासाठी आपला बोनस घालवण्याऐवजी आधी करार कायद्याच्या कलम १५४ च्या आधारे गॅरेजकडे भरपाई मागावी. मोठ्या गॅरेजकडे आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे मोटर ट्रेड प्रकारची, म्हणजे वाहनव्यवसायासाठीची, पॉलिसी असते. तिची चौकशी करावी.

बिल अडवून गाडी न देण्याचा गॅरेजमालकाचा हक्क कितपत खरा आहे? करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे ज्याने वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केले, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. हा हक्क खरा आहे आणि त्याच्याशी वाद घालून गाडी जबरदस्तीने उचलून आणू नये, कारण मग तक्रार तुमच्यावर होते. मात्र हा हक्क केलेल्या कामाच्या योग्य मोबदल्यापुरता आहे. न ठरवलेले पार्किंगचे भाडे किंवा न सांगता केलेली कामे त्यात घुसवता येत नाहीत. अडवून ठेवलेली गाडी वापरण्याचा अधिकार तर त्यातून मुळीच मिळत नाही. म्हणून माझा सल्ला असा की कामाचे बिल भरावे, शक्यतो यूपीआयने भरावे, आणि त्याच वेळी त्यांना संदेश पाठवावा: ‘बिलाची रक्कम माझे सर्व हक्क राखून भरत आहे. गाडी देताना मीटर रीडिंग इतके होते, आज परत घेताना इतके आहे. या काळात गाडी माझ्या परवानगीशिवाय वापरली गेली आहे.’ एवढ्या तीन वाक्यांनी गाडी घरी येते आणि दावाही शाबूत राहतो.

पुरावा गोळा करायला उशीर करू नये. गॅरेजच्या आणि शेजारच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, त्यामुळे ते जपून ठेवावे अशी लेखी मागणी पहिल्याच दिवशी करावी. मीटरचे फोटो मूळ स्वरूपात फोनमध्येच ठेवावेत. व्हॉट्सअॅपवरून फिरवलेल्या फोटोतून तो कधी काढला याची मूळ माहिती निघून जाते. न्यायालयात असे फोटो दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. इलेक्ट्रिक स्कूटर आणि मोबाइलशी जोडणीची सोय असलेल्या नव्या मोटारसायकली यांच्या अॅपमध्ये प्रवासाची नोंद राहते. तिचे स्क्रीनशॉट लगेच काढावेत. जुन्या, केबलवर चालणाऱ्या मीटरच्या गाडीत मात्र एक गोष्ट हाताने तपासावी लागते. पुढच्या चाकाच्या हबवर जिथे मीटरची केबल बसते, तिथला नट सैल असेल किंवा आजूबाजूच्या मळकट थरात फक्त तेवढाच भाग ताजा पुसल्यासारखा चकचकीत दिसत असेल, आणि कामाच्या यादीत पुढच्या चाकाचे काहीच काम नसेल, तर केबल काढून गाडी फिरवली असण्याची शक्यता धरावी. अशा वेळी मीटर पुढे न जाता पेट्रोल कमी झालेले असते. नटाचा जवळून फोटो घ्यावा आणि दुसऱ्या मिस्त्रीकडून लेखी अभिप्राय घ्यावा.

दाद मागण्यासाठी बहुतेकांना जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगच सोयीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दुरुस्ती ही सेवा आहे आणि सोपवलेल्या वाहनाचा असा वापर ही सेवेतील त्रुटी आहे. सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावणे बंधनकारक नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते. कोकणात फिरायला गेल्यावर तिकडच्या गॅरेजने गाडी वापरली, तरी पुण्यातल्या माणसाला पुण्यातच तक्रार नोंदवता येते. आधी पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर नोंद करावी, आणि उत्तर आले नाही तर तक्रार दाखल करावी. अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल तर नोटिशीची प्रत कंपनीच्या ग्राहक विभागालाही पाठवावी. पुष्कळ वाद तिथेच मिटतात.

रकमेबाबत मात्र वास्तव सांगणे माझे कर्तव्य आहे. १४० किलोमीटर वापर झाला, गाडीला इजा नाही, चलान रद्द झाले, अशा प्रकरणात पेट्रोल, त्या दिवसांचा रिक्षाखर्च, मनस्तापाची माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च एवढेच वाजवीपणे मागता येते. तिथे दोन लाखांची मागणी केली की आयोगासमोर तक्रारदाराचीच विश्वासार्हता कमी होते. तुमच्या प्रकरणात गॅरेजमालकांनी लेखी कबुली दिली, चलानाची जबाबदारी स्वीकारली आणि बिलातून योग्य रक्कम कमी केली, तर मी तडजोड करण्याचाच सल्ला देईन, फक्त ती कागदावर करावी.

ती कबुली महत्त्वाची आहे, कारण त्या १४० किलोमीटरमध्ये काय घडले ते तुम्हाला आज पूर्ण माहीत नाही. कोणाला धक्का लागला असेल तर पोलिसांची विचारणा किंवा न्यायाधिकरणाची नोटीस बऱ्याच महिन्यांनी येऊ शकते. म्हणून गाडी बुधवारी दिल्यापासून परत मिळेपर्यंतच्या काळात ती गॅरेजच्या ताब्यात होती, त्या काळातील वापराची, चलानांची आणि कोणत्याही दाव्याची जबाबदारी गॅरेजची राहील, असे गॅरेजच्या लेटरहेडवर तारीख आणि सहीनिशी लिहून घ्यावे. ते देत नसतील तर हाच मजकूर तुमच्या नोटिशीत घालावा. पुढच्या वेळी कोणत्याही गॅरेजमध्ये गाडी सोडताना, जॉबकार्ड मिळो वा न मिळो, मीटरच्या फोटोसह एक संदेश मिस्त्रींना पाठवावा: ‘आज गाडी क्रमांक अमुक ही अमुक कामांसाठी आपल्याकडे दिली आहे, पेट्रोल निम्मी टाकी आहे, कामानंतरच्या ट्रायलशिवाय गाडी कोणीही वापरू नये.’ त्यावर त्यांनी नुसते ‘ओके’ लिहिले तरी चालते, आणि तो संदेश पुढची दोन-तीन वर्षे फोनमधून पुसू नये.